बर्फाखालून आवाज येत नाही

जानेवारीतल्या त्या रविवारी आम्ही तिघं डोंगरात गेलो ते एका छपरासाठी.

वाल फ्रैदा ही आमच्या गावामागची दरी. तिच्या वरच्या टोकाला गावाचं उन्हाळी कुरण आहे, कुरणावर दगडी गोठा आणि गोठ्याला चिकटून गुराख्याची खोली. आठवडाभर बर्फ पडला होता आणि अजून पडणार होता. कुर्दिनचा जीव त्या गोठ्याच्या आढ्यात अडकला होता. कुर्दिन सुतार, माझ्या धाकट्या बहिणीचा, मादलैनाचा नवरा. आढ्याची मोठी तुळई त्यानंच बसवलेली, आणि गाई खाली उतरल्या तेव्हा तिला गेलेला बारीक तडाही त्यानंच पाहिला होता. छपरावरचा बर्फ उपसला नाही तर तुळई मोडेल, जूनमध्ये गाईंना निवारा राहणार नाही, असं तो म्हणत होता. ते खोटं नव्हतं.

मी वाटाडी आहे. हिवाळाभर लोकांना स्कीवरून डोंगरात नेते आणि परत आणते. त्यामुळे त्या दोघांना एकटं पाठवायचं माझ्या मनाला पटेना.

सकाळी मादलैनाच्या स्वयंपाकघरात कॉफी पिता पिता मी फोनवर हिमस्खलनाचा इशारा वाचला. धोका पाचापैकी तीन. बाहेरच्या माणसाला तीन म्हणजे मधलं, चालण्यासारखं वाटतं. आमच्याकडं हिमस्खलनात मेलेली बहुतेक माणसं धोका तीन असतानाच गेली आहेत. डिसेंबरात बर्फ कमी आणि थंडी कडक होती. तेव्हाचा पातळ बर्फ तळाशी साखरेसारखा सुटा झाला होता. त्यावर नवा बर्फ पडला, आणि वाऱ्यानं तो दाबून दाबून घट्ट केला. साखरेवर फरशी ठेवावी तसं सगळं. कुणी वजन टाकलं की फरशी घसरणार.

"मेहुणीबाई, तुमची पोथी वाचून झाली असेल तर निघू या," कुर्दिन म्हणाला. "छप्पर माझ्यासाठी थांबणार नाही."

"छप्पर थांबेल. तू थांबत नाहीस, ही पंचाईत आहे."

"लग्न झाल्यापासून मी हेच सांगतेय," मादलैना डब्यात अक्रोडाच्या केकचे तुकडे भरत म्हणाली. "तुझं तरी ऐकतो का बघ, ताई."

"तुझंच ऐकत असतो मी," कुर्दिन म्हणाला. "फक्त उशिरा."

रस्ता संपतो तिथं आमच्या गाडीशिवाय दुसरी गाडी नव्हती. गाडीतून उतरल्यावर मी नेहमीसारखी तिघांची यंत्रं तपासली. बर्फात गाडल्या गेलेल्या माणसाचा माग लागावा म्हणून हे यंत्र छातीशी बांधतात. चालताना ते खूण पाठवत राहतं. कुणी गाडलं गेलं, की बाकीच्यांनी आपापलं यंत्र शोधावर फिरवायचं आणि ती खूण पकडायची. तिन्ही यंत्रं ठीक होती. फावडी आणि घडीच्या लांब सळया पाठीवर होत्या.

लार्च या सूचिपर्णी झाडांच्या जंगलातून चढलो तेव्हा ऊन होतं. जंगल संपतं तिथून डोंगराची एक रुंद सोंड वर कुरणाकडे जाते. हिवाळ्यात आम्ही तिच्या पाठीवरूनच चालतो. सोंडेच्या डाव्या अंगाला मोठा खोलगट उतार आहे. उन्हाळी पायवाट त्यातून जाते, पण वारा सगळा बर्फ तिथंच आणून टाकतो. हिवाळ्यात तिकडे कुणी पाऊल टाकत नाही.

जंगलाबाहेर येताच स्कीची वाट दिसली.

ताजी होती, कडा धारदार. पहाटेपर्यंत बर्फ पडत होता, म्हणजे त्यानंतरची. एकट्या माणसाची.

"बघा, कुणीतरी आपल्याआधी उठलंय," कुर्दिन म्हणाला.

"गाडी नव्हती."

"गावातून चालत आला असेल."

मी वाकून पाहिलं. दोन समांतर पट्टे सरळ वर गेले होते. चढताना माणूस दोन्ही हातांतल्या काठ्या टेकतो. पट्ट्यांच्या बाजूला काठ्यांची भोकं असायला हवी होती. ती नव्हती.

"काठ्या कुठं टेकल्यात यानं?"

"हात खिशात घालून गेला असेल," कुर्दिन म्हणाला. "ऐटबाज माणूस दिसतोय."

मादलैना हसली नाही. "ताई, ही वाट आपल्यासमोर सुरू होते," ती म्हणाली. "जंगलात तर नव्हती."

मी मागे वळून पाहिलं. आमच्या तिघांची वाट झाडांतून आलेली स्पष्ट दिसत होती. ही दुसरी वाट शेवटच्या झाडापाशी, कोऱ्या बर्फातच सुरू झाली होती. वाऱ्यानं खालची वाट बुजवली असेल, असं मी म्हटलं. वारा नव्हता.

सोंडेवर अर्ध्यात पोचलो तेव्हा दरीतून धुकं वर आलं. आधी झाडं गेली, मग आमच्या स्कीची टोकं. पायाखाली भुम् असा आवाज झाला आणि सगळा बर्फ किंचित खाली बसला. हा आवाज मला ओळखीचा आहे. खालचा साखरेसारखा थर मोडला की तो येतो, आणि आला की परत फिरायचं असतं. मी हात वर केला. तिघंही जागच्या जागी उभे राहिलो.

थोड्या वेळानं पुन्हा भुम् झालं. कुणीही हललं नव्हतं. मग आणखी एकदा, पुढे, डावीकडे. मग त्याच्याही पुढे. जड माणसानं सावकाश पावलं टाकावीत तसं.

"परत," मी म्हणाले.

कुर्दिननं वाद घातला नाही. पण तो डावीकडे बघत होता. ती बिनकाठ्यांची वाट तिथं सोंड सोडून थेट त्या खोलगट उतारात उतरली होती.

"तो माणूस आत गेलाय," तो म्हणाला. "त्याला सांगायला नको?"

"गेलाय तो गेलाय. तू कडेकडे जाऊ नकोस."

"आत जात नाही. इथूनच एक हाक मारतो. लादिना, उद्या तो सापडला तर आपण हाकही मारली नाही असं व्हायला नको."

कुर्दिन चारपाच पावलं पुढे गेला आणि धुक्यात फक्त त्याची लाल पाठपिशवी दिसत राहिली. त्यानं तोंडाभोवती हात धरून लांब हाक दिली. उतारातून तशीच हाक परत आली. समोरच्या कड्यावरून आली असेल असं मला वाटलं. त्यानं पुन्हा हाक दिली, पुन्हा ती परत आली, या वेळी जवळून.

तिसऱ्या वेळी परतीची हाक आधी आली. कुर्दिननं अजून तोंड उघडलं नव्हतं.

त्याचाच आवाज होता.

तो दचकून एक पाऊल पुढे गेला, की बर्फच त्याच्याखालून सरकला, मला सांगता येणार नाही. माझ्या स्कीसमोर बर्फाला आडवी चीर पडलेली दिसली. कापड फाटल्यासारखा आवाज आला आणि लाल पाठपिशवी खाली गेली. मग बराच वेळ गडगडाट. मग काही नाही.

अशा वेळी रडायला सवड नसते. गाडलेला माणूस पहिल्या थोड्या वेळात सापडला तर जगतो, नंतर क्वचितच. मी रेडिओवर बचावपथकाला कळवलं. पथकाचा प्रमुख याखेन म्हणाला, धुक्यामुळे हेलिकॉप्टर जंगलाच्या वर येऊ शकणार नाही, माणसं स्कीवरून निघताहेत. म्हणजे तोवर आम्ही दोघीच. "यंत्र शोधावर घे," मी मादलैनाला सांगितलं आणि दोघी घसरलेल्या उतारावरून खाली उतरलो. वरचा बर्फ निघून गेला होता, आता आणखी घसरायला काही उरलं नव्हतं. खाली बर्फाच्या ढेकळांचा ढीग पडला होता. काही ढेकळं कपाटाएवढी होती.

माझ्या यंत्रानं खूण पकडली. बाण उजवीकडे वळला, अंतर कमी होत गेलं, आणि मी धुक्यातून थेट मादलैनासमोर जाऊन उभी राहिले. मी पुन्हा खाली गेले. यंत्रानं मला पुन्हा तिच्याकडेच आणलं. तेव्हा लक्षात आलं, तिनं आपलं यंत्र फिरवलंच नव्हतं. ते अजून खूण पाठवत होतं आणि मी माझ्या बहिणीलाच शोधत होते.

ती गुडघ्यांवर बसून फावड्यानं बर्फ उपसत होती.

"इथं आहे तो, ताई. बोलतोय."

मी तिच्या छातीवरचं यंत्र बंद केलं, तरी माझ्या यंत्रावर खूण राहिली, तिथंच, बर्फाखाली. मग मलाही ऐकू आलं.

"इथं," कुर्दिन म्हणाला. आवाज बर्फाखालून येत होता, स्वच्छ. "मादलैना, इथं. खाली."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मीही फावडं काढलं आणि आम्ही दोघी खणू लागलो. मादलैना सारखी बोलत होती. आलेच रे, धीर धर, हळू श्वास घे, मी आहे, मी इथंच आहे. खालून तो म्हणत होता, "अजून खाली."

मांडीएवढं खणलं. मी यंत्र बर्फाला टेकवून पाहिलं. खणायला लागलो तेव्हा जेवढी खोली दाखवत होतं, तेवढीच अजून दाखवत होतं. आणि पडद्यावर दुसरी एक खूण आली होती. बरीच खाली, ढिगाच्या पायथ्याशी. मादलैनाचं यंत्र बंद होतं. माझं शोधावर होतं. बर्फाखाली एकच माणूस होता.

तो दुसरा असेल, वाट काढणारा, असं आधी वाटलं. मी पुन्हा खणायला वाकले.

"अजून खाली," कुर्दिन म्हणाला.

त्या आवाजात धाप नव्हती. छातीवर बर्फाचं ओझं असलेल्या माणसाचा तो आवाज नव्हता. जेवायला बोलवावं तशा सुरात तो बोलत होता.

आणि मला ते आठवलं, जे मी दर हिवाळ्यात दुसऱ्यांना शिकवते. वाटाड्याच्या प्रशिक्षणात आम्हांला एकेकाला बर्फात पुरलं होतं. वरच्या लोकांचं बोलणं, खोकणं, बुटांची करकर, सगळं मला खाली ऐकू येत होतं. मी घसा फाटेपर्यंत ओरडले होते. वर कुणालाही काही कळलं नव्हतं. आवाज बर्फात खाली जातो. बर्फाखालून वर येत नाही.

माझे हात थांबले.

"मादलैना, ऊठ. खाली चल."

"काय?"

"खाली दुसरी खूण आहे. कुर्दिन तिथं आहे."

"तो इथं आहे. तुला ऐकू येत नाहीये का?"

"येतंय."

"मग त्याला सोडून जाऊ? तो बोलतोय माझ्याशी, ताई."

"म्हणूनच," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे पाहिलं ते मी विसरणार नाही. मग ती खाली वाकून खणायला लागली. मी तिचा दंड धरला, तिनं फावड्याचा दांडा माझ्या मनगटावर मारला. ओढून नेण्याइतका वेळ नव्हता. चुकले असते तर माझ्या बहिणीचा नवरा तिच्या डोळ्यांदेखत मेला असता आणि त्याला मी मारलेलं असतं. हे सगळं कळत होतं, तरी मी तिला तिथं एकटी सोडली.

जो गप्प होता त्याच्याकडे मी गेले.

खालची खूण सरळ होती. अंतर घटत गेलं. मी सळई खुपसली. काही नाही. पुन्हा. काही नाही. तिसऱ्यांदा टोकाला काहीतरी मऊ लागलं.

एकटीनं खणताना बर्फ संपत नाही. ढेकळं सिमेंटसारखी झालेली असतात. मनगट सुजलं होतं. वरून मादलैनाचं बोलणं धुक्यातून तुटक तुटक येत होतं. मध्येच ती हसली. त्या हसण्यानं माझ्या हातांत कुठून बळ आलं कोण जाणे.

लाल कापड दिसलं. मग टोपी. मी हातांनी चेहरा मोकळा केला. ओठ निळे, तोंड बर्फानं भरलेलं. बोटानं बर्फ काढला आणि त्याच्या तोंडात फुंकर घातली. पुन्हा घातली. पुन्हा.

कुर्दिन खोकला.

"मादलैना," मी ओरडले, "सापडला. जिवंत आहे."

वरून उत्तर आलं, "सापडला. जिवंत आहे."

मादलैनाचा आवाज होता. पण मी म्हटलं होतं तसाच, माझ्याच धापेसकट.

मी कुर्दिनला कुशीवर वळवलं, चमकत्या चादरीत गुंडाळलं आणि वर पळाले.

मादलैना खड्ड्यात उलटी लोंबत होती. फक्त पाय बाहेर. उजवा हात खांद्यापर्यंत तळातल्या एका भोकात गेलेला.

"त्यानं हात धरलाय," ती हळूच म्हणाली. "घट्ट."

मी तिचे घोटे धरून ओढलं. ती आली नाही. बुटांची टाच बर्फात रोवून पुन्हा ओढलं. पलीकडून कुणी ओढत होतं असं मी म्हणणार नाही. दमलेल्या हातांना सगळंच जड लागतं.

मग ती एकदम सुटली आणि आम्ही दोघी मागे पडलो.

यंत्रावरची वरची खूण गेली.

तिच्या उजव्या हातात हातमोजा नव्हता. एवढा वेळ उघडा हात बर्फात, बोटं पांढरी पडायला हवी होती. मी ती माझ्या हातात घेतली. ऊबदार होती.

याखेन आणि त्याची माणसं आली तेव्हा दोघी कुर्दिनला मध्ये घेऊन बसलो होतो. त्याला घसरगाडीवर बांधून त्यांनी खाली नेलं. मी याखेनला सांगितलं, आणखी एकजण असू शकतो, एक वाट होती. त्यांनी पूर्ण ढीग यंत्रांनी आणि सळयांनी पालथा घातला. कुणी नव्हतं. गावांतून, हॉटेलांतून कुणी बेपत्ता नव्हतं.

याखेन त्या वरच्या खड्ड्यात स्वतः उतरला. मी काठावर होते. त्यानं तळातलं भोक मोठं केलं, दिवा आत धरला आणि तसाच राहिला. मीही वाकून पाहिलं. गाडलेला माणूस श्वास घेत राहिला की त्याच्या तोंडासमोरचा बर्फ वितळतो आणि पुन्हा गोठतो. चेहऱ्यासमोर काचेसारखं पातळ कवच तयार होतं. आम्ही दोघांनी अशी कवचं पाहिलेली आहेत. तिथं तसं एक कवच होतं. आत कपाळ, नाक, हनुवटी यांचा ठसा स्पष्ट होता. मागे डोकं मावेल एवढीही जागा नव्हती, नुसता दडपलेला बर्फ.

याखेन बाहेर आला आणि त्यानं खड्डा बुजवला. चांगला दाबून बुजवला. "घरी जा, लादिना," एवढंच म्हणाला.

खालच्या शहरात, खूरच्या इस्पितळात कुर्दिन आठवड्यात बरा झाला. दोन बरगड्या मोडल्या होत्या, बाकी काही नाही. डॉक्टर म्हणाले, नशीब. मी भेटायला गेले तेव्हा तो उशांना टेकून बसला होता. मादलैना खाली कॉफी आणायला गेली होती.

"तुला एक सांगू?" तो म्हणाला. "मी घाबरलो नाही. मादलैना होती ना माझ्याबरोबर."

"ती वर होती, कुर्दिन. तिचं बोलणं तुला खाली ऐकू आलं असेल."

"वर नाही. शेजारी होती. माझ्या कानाशी. आलेच रे म्हणाली, धीर धर, हळू श्वास घे. मी इथंच आहे म्हणाली." त्यानं पांघरूण वर ओढलं. "नंतर म्हणाली, आता श्वास नाही घेतलास तरी चालेल. ते इतक्या मायेनं म्हणाली, लादिना, की मला पटलं. मी घ्यायचा थांबवला. तेवढ्यात तू माझ्या तोंडात बोटं घातलीस. खरं सांगतो, तुझा राग आला होता."

मी हे मादलैनाला सांगितलं नाही. त्यानं सांगितलं का, तेही विचारलं नाही. धुक्यात आणि भीतीत माणसाला काय काय ऐकू येतं, याची मला कल्पना आहे. मी त्या सोंडेवरून पुन्हा लोकांना घेऊन गेले नाही, त्याला बर्फाची स्थिती हे कारण दिलं, आणि ते खरंही होतं. गोठ्याचं छप्पर फेब्रुवारीत बर्फाच्या भारानं कोसळलं.

मार्चमध्ये एका दुपारी त्यांच्याकडे जेवायला गेले होते. छपरांवरून पाणी ठिबकत होतं, अंगणात पहिल्यांदा गवत दिसत होतं. मादलैनानं जवाचं सूप केलं होतं. कुर्दिन नव्या तुळईबद्दल बोलत होता, कुठलं लाकूड, किती जाड, मे महिन्यात वर कसं न्यायचं. तब्येत चांगली दिसत होती. मादलैना चुलीपाशी उभी राहून माझ्यासाठी दुसऱ्यांदा सूप वाढत होती. ती काही बोलत नव्हती.

बोलता बोलता कुर्दिन थांबला. त्याचा चमचा वाटीवर राहिला. त्यानं मान वळवून मागच्या खिडकीकडे पाहिलं, वाल फ्रैदाच्या बाजूला. मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

"आलो गं," तो म्हणाला. बायकोला म्हणावं तसं, सवयीनं.

मग पुन्हा आमच्याकडे वळला आणि तुळईचं राहिलेलं सांगू लागला. आपण काही बोललो हे त्याच्या ध्यानात नव्हतं.

मादलैना त्याच्यासमोर उभी होती. तिच्या हातातला डाव भांड्यावर तसाच होता, आणि तिनं ओठ घट्ट मिटून घेतले होते.